डिजिटल नोमॅड

डिजिटल नोमॅड म्हणजे इंटरनेट, लॅपटॉप आणि मोबाइल यांच्या साहाय्याने उपजीविका करणारी आणि एका ठिकाणी कायम वास्तव्य न करता निरनिराळ्या गावांत, राज्यांत किंवा देशांत राहून काम करणारी व्यक्ती होय. मराठीत या संज्ञेचा ‘डिजिटल भटके’ असा अनुवादही आढळतो. संगणक प्रणाली विकास, लेखन, भाषांतर, संरचना, ऑनलाइन अध्यापन, विपणन आणि समाजमाध्यमांचे व्यवस्थापन ही या वर्गातील लोकांची प्रमुख कामे आहेत. यांपैकी समाजमाध्यमांवर काम करणाऱ्यांचे स्थान वेगळे आहे. इतरांसाठी प्रवास ही कामाची केवळ पार्श्वभूमी असते. समाजमाध्यमांवर आशय निर्माण करणाऱ्यांसाठी मात्र प्रवास हाच अनेकदा विक्रीचा माल असतो.

डिजिटल नोमॅडची जीवनपद्धती स्थळाच्या बंधनातून मुक्त मानली जाते. प्रत्यक्षात ती पारपत्र, कायमचा पत्ता, बँक खाते, करनिवास, समाजमाध्यम कंपन्यांचे नियम आणि मुक्कामाच्या गावातील सोयीसुविधा यांवर अवलंबून असते. या अवलंबित्वामुळेच व्हिसा, करआकारणी, जाहिरातींचे नियमन आणि स्थानिक घरभाडी हे या विषयातील मुख्य वादाचे मुद्दे ठरले आहेत.

संज्ञा

‘डिजिटल नोमॅड’ हा शब्दप्रयोग रूढ होण्यात त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांच्या १९९७ साली प्रकाशित झालेल्या याच नावाच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. माकिमोतो हे अर्धवाहक उद्योगातील जपानी अभियंते, तर मॅनर्स हे ब्रिटिश तंत्रज्ञान पत्रकार. उपकरणे लहान होत गेली आणि संपर्कजाळे सर्वत्र पोहोचले की माणसाला एका जागी राहून काम करण्याची गरज उरणार नाही, असा या पुस्तकाचा मुख्य विचार होता.

मराठीत ‘भटका’ या शब्दाला वेगळा सामाजिक संदर्भ आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावर या जमातींना ‘विमुक्त’ म्हटले जाऊ लागले. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमाती यांच्यासाठी शिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांमध्ये आरक्षण आहे. या समाजांचे भटकेपण पारंपरिक व्यवसायाशी आणि सक्तीशी निगडित होते. कायमचा पत्ता नसल्यामुळे शिधापत्रिका, जातीचा दाखला आणि मुलांचा शाळाप्रवेश मिळवताना त्यांना अडचणी येत राहिल्या. डिजिटल नोमॅड मात्र बहुधा पारपत्र, बँक खाते आणि मूळ गावचा पत्ता हाताशी ठेवूनच घराबाहेर पडतो. दोन्ही स्थितींतील हा फरक मोठा असल्याने मराठीत ‘नोमॅड’ हा मूळ शब्द कायम ठेवल्यास अर्थाचा गोंधळ टळतो. हौशी प्रवासासाठी मराठीत ‘भटकंती’ हा शब्द प्रचलित आहे. परंतु त्यात उपजीविकेचा अर्थ अंतर्भूत नाही.

इतिहास

ब्रिटिश विज्ञानलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी १९६४ साली बीबीसीच्या ‘होरायझन’ या कार्यक्रमात असे भाकीत केले होते की, सुमारे ५० वर्षांनी माणूस लंडनमध्ये बसून जसा व्यवसाय करतो तसाच ताहिती किंवा बाली येथून करू शकेल. क्लार्क स्वतः १९५६ पासून श्रीलंकेत वास्तव्यास होते. पुढे १९७३ मध्ये अमेरिकन अभियंते जॅक नाइल्स यांनी कार्यालयात न जाता दूरसंचाराच्या साहाय्याने काम करण्याची संकल्पना मांडली.

प्रत्यक्ष प्रवास करीत संगणकावर उपजीविका करणाऱ्यांमध्ये स्टीव्हन के. रॉबर्ट्स यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. अमेरिकेतील ओहायो राज्यातून १९८३ मध्ये ते संगणक बसवलेल्या सायकलवर निघाले. सार्वजनिक दूरध्वनीला छोटा संगणक जोडून ते आपले लेख पाठवीत. त्यांच्या सायकलींवरील प्रवास एकूण सुमारे १७,००० मैल, म्हणजे सुमारे २७,००० किलोमीटर झाला.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वायफाय, स्काइप (२००३), आयफोन (२००७) आणि अल्पमुदतीची घरे भाड्याने मिळवून देणारी एअरबीएनबी (२००८) यांमुळे ही जीवनपद्धती सामान्य व्यावसायिकांच्या आवाक्यात आली. ब्रॅड न्यूबर्ग यांनी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू केलेल्या उपक्रमातून ‘को-वर्किंग स्पेस’, म्हणजे भाड्याने मिळणारी सामाईक कार्यालये, ही कल्पना पुढे आली. टिम फेरिस यांचे ‘द फोर-अवर वर्कवीक’ हे पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. डच प्रोग्रॅमर पीटर लेव्हल्स यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘नोमॅड लिस्ट’ने जगातील शहरांची राहणीमानाचा खर्च, इंटरनेटचा वेग, हवामान इत्यादी निकषांवर तुलना उपलब्ध करून दिली. थायलंडमधील चिआंग माई, इंडोनेशियातील बाली बेटावरील उबुद व चांगू, पोर्तुगालमधील लिस्बन आणि कोलंबियातील मेदेयीन ही या काळात नावारूपाला आलेली केंद्रे होत.

कोविड-१९ महासाथीत कार्यालये बंद राहिल्याने दूरस्थ काम सार्वत्रिक झाले. एमबीओ पार्टनर्स या संस्थेच्या सर्वेक्षणानुसार स्वतःला डिजिटल नोमॅड म्हणवणाऱ्या अमेरिकन नोकरदार व व्यावसायिकांची संख्या २०१९ मध्ये ७३ लाख होती. ती २०२० मध्ये १ कोटी ९ लाख आणि २०२४ मध्ये १ कोटी ८१ लाख झाली. भारतात दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी माहिती-तंत्रज्ञान सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांचे नियम शिथिल केले. त्यामुळे कर्मचाऱ्यांना घरून किंवा देशात कोठूनही काम करू देण्यातील कायदेशीर अडथळे दूर झाले.

समाजमाध्यमांवरील काम

समाजमाध्यमांवर काम करणाऱ्या डिजिटल नोमॅडांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारातील व्यावसायिक इतरांची खाती सांभाळतात. मजकूर व चित्रफितींचे नियोजन, ठरलेल्या वेळी प्रकाशन, प्रतिक्रियांना उत्तरे, सशुल्क जाहिराती आणि महिन्याचा अहवाल ही त्यांची नित्याची कामे असतात. हूटसूट (२००८), बफर (२०१०) किंवा मेटा बिझनेस सूट यांसारख्या साधनांद्वारे मजकूर आगाऊ नोंदवून ठेवता येत असल्याने हे काम प्रवासात करणे शक्य होते. दुसऱ्या प्रकारातील व्यक्ती स्वतःच्या खात्यावर आशय निर्माण करतात. त्यांना आशयनिर्माते किंवा इन्फ्लुएन्सर म्हटले जाते.

आशयनिर्मात्यांचे उत्पन्न जाहिरातींतील वाटा, प्रायोजित मजकूर, विक्रीवरील दलाली, अभ्यासक्रमांची विक्री आणि वस्तुरूप मोबदला यांतून येते. यूट्यूबवर जाहिरातींतील वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहणी, किंवा ९० दिवसांत लघुचित्रफितींची १ कोटी दर्शने ही अट आहे. दीर्घ चित्रफितींवरील जाहिरात उत्पन्नाच्या ५५ टक्के आणि लघुचित्रफितींच्या बाबतीत निर्मात्यांसाठी निश्चित केलेल्या रकमेच्या ४५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो. हॉटेल किंवा निवासगृहाने मुक्काम विनामूल्य द्यावा आणि त्या बदल्यात निर्मात्याने चित्रफीत प्रसिद्ध करावी, अशी देवाणघेवाणही प्रचलित आहे.

या कामाचे स्वरूप बाहेरून दिसते त्यापेक्षा वेगळे असते. एका मिनिटाच्या चित्रफितीमागे चित्रीकरण, संकलन, उपशीर्षके आणि मोठ्या फायली इंटरनेटवर चढवणे यांत कित्येक तास जातात. ग्राहकाच्या देशातील वेळ पाळावी लागत असल्याने दिनक्रमही बदलतो. भारतीय वेळेनुसार सकाळी १० ते सायंकाळी ६ हे कार्यालयीन तास बालीमध्ये दुपारी १२.३० ते रात्री ८.३० असे येतात, तर हिवाळ्यात लिस्बनमध्ये ते पहाटे ४.३० ते दुपारी १२.३० असतात. परक्या देशातून खात्यात प्रवेश केल्यास सुरक्षा यंत्रणा तो संशयास्पद ठरवू शकते. बँकेचा किंवा खात्याचा संकेतांक भारतीय मोबाइल क्रमांकावर येत असल्याने ते सिमकार्ड परदेशातही चालू ठेवणे आवश्यक ठरते.

कंपन्यांवरील अवलंबित्व

आशयनिर्मात्याचा प्रेक्षकवर्ग समाजमाध्यम कंपनीच्या ताब्यात असतो. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा त्यावर प्रेक्षकवर्ग उभा केलेल्या भारतीय निर्मात्यांना, ज्यांत ग्रामीण भागातील अनेक जण होते, दुसऱ्या माध्यमावर शून्यातून सुरुवात करावी लागली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद पडल्या. त्या काळात या माध्यमांवरील जाहिराती आणि ग्राहकसंपर्क दोन्ही थांबले. शिफारशीच्या पद्धतीत कंपनीने बदल केल्यास दर्शनसंख्या अचानक घटू शकते. खाते चोरीस गेल्यास किंवा बंद झाल्यास ते परत मिळेपर्यंत उत्पन्न थांबते. या कारणांमुळे अनुभवी व्यावसायिक एकाहून अधिक माध्यमांवर उपस्थिती ठेवतात आणि वाचकांची ईमेल यादी स्वतंत्रपणे जतन करतात.

व्हिसा

पर्यटक व्हिसावर राहून परदेशी ग्राहकांचे काम करणे बहुतेक देशांच्या कायद्यात दीर्घकाळ संदिग्ध राहिले. समाजमाध्यमांवर स्वतःच्या वास्तव्याची जाहिरात केल्याने ही संदिग्धता अंगलट येऊ शकते. जानेवारी २०२१ मध्ये बाली येथे राहणाऱ्या एका अमेरिकन महिलेने महासाथीच्या काळात बेटावर स्थलांतर करण्याविषयी ट्विटरवर लिहिले आणि त्यासंबंधीच्या ई-पुस्तकाची विक्री केली. तिच्या लेखनावर इंडोनेशियात मोठा रोष व्यक्त झाला आणि सरकारने तिला देशाबाहेर पाठवले.

२०२० पासून अनेक देशांनी या वर्गासाठी स्वतंत्र परवाने सुरू केले. काही उदाहरणे पुढीलप्रमाणे:

• बार्बाडोस (जुलै २०२०): १२ महिन्यांचे वास्तव्य, वार्षिक ५०,००० अमेरिकन डॉलर उत्पन्नाची अट.
• एस्टोनिया (ऑगस्ट २०२०): एक वर्षापर्यंत वास्तव्य, सुरुवातीची अट दरमहा ३,५०४ युरो उत्पन्नाची.
• मलेशिया (२०२२): ‘दे रांताउ’ योजना, तंत्रज्ञान व डिजिटल क्षेत्रासाठी वार्षिक २४,००० अमेरिकन डॉलर उत्पन्नाची अट.
• पोर्तुगाल (ऑक्टोबर २०२२): देशातील किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्नाची अट.
• जपान (मार्च २०२४): सहा महिने, वार्षिक १ कोटी येन उत्पन्नाची अट.
• थायलंड (जुलै २०२४): पाच वर्षे मुदत, प्रत्येक प्रवेशात १८० दिवस, ५ लाख बात शिलकीचा पुरावा.

या अटींमुळे भारतीय अर्जदारांपैकी थोडेच पात्र ठरतात. एस्टोनियाची सुरुवातीची अट तत्कालीन विनिमय दराने दरमहा सुमारे तीन लाख रुपये उत्पन्नाची होती. जपानची योजना ठरावीक देशांच्या नागरिकांसाठीच असून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या यादीत भारताचा समावेश नव्हता. युरोपातील शेंगेन क्षेत्रासाठी भारतीयांना आगाऊ व्हिसा घ्यावा लागतो आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. त्यामुळे अनेक भारतीय डिजिटल नोमॅड देशांतर्गत प्रवास, नेपाळ आणि आग्नेय आशिया यांना प्राधान्य देतात.

करआकारणी आणि कायदेशीर जबाबदाऱ्या

भारतात आयकराची व्याप्ती नागरिकत्वापेक्षा मुख्यतः निवासावर ठरते. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक काळ भारतात राहणारी व्यक्ती निवासी ठरते. काही परिस्थितींत त्याहून कमी वास्तव्यही पुरेसे असते. सतत देश बदलून कोठेच करदाता न होण्याची पळवाट २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून मर्यादित करण्यात आली. परदेशी स्रोतांतील उत्पन्न वगळून ज्याचे उत्पन्न १५ लाख रुपयांपेक्षा अधिक आहे आणि जो अन्य कोणत्याही देशात करास पात्र नाही, असा भारतीय नागरिक भारताचा निवासी मानला जातो.

परदेशी ग्राहकांना दिलेली सेवा विहित अटी पूर्ण केल्यास वस्तू व सेवा कर कायद्यान्वये निर्यात ठरते आणि तिच्यावर शून्य दराने कर लागतो. यूट्यूबवरील भारतीय निर्मात्यांच्या उत्पन्नापैकी अमेरिकेतील प्रेक्षकांमुळे मिळणाऱ्या भागावर जून २०२१ पासून अमेरिकेचा कर कापला जातो. कराराचा लाभ घेण्यासाठी कागदपत्रे सादर केल्यास हा दर १५ टक्के असतो.

विनामूल्य मिळालेल्या वस्तू व सेवाही करमुक्त नसतात. १ जुलै २०२२ पासून व्यवसायाच्या अनुषंगाने एका वर्षात २०,००० रुपयांहून अधिक मूल्याचा लाभ दिल्यास देणाऱ्याने १० टक्के कर कापून भरणे बंधनकारक झाले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या स्पष्टीकरणानुसार प्रसिद्धीसाठी दिलेली वस्तू इन्फ्लुएन्सरने परत केली तर तो लाभ ठरत नाही. स्वतःकडे ठेवली तर ठरतो.

भारतीय जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरविषयक मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू झाली. ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी स्वतंत्र सूचना प्रसिद्ध केल्या. पैसे, वस्तू, विनामूल्य प्रवास किंवा मुक्काम यांपैकी काहीही स्वीकारले असल्यास मजकूर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असल्याचे सहज दिसेल अशा रीतीने सांगणे आवश्यक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मानधन थकणे ही मुक्त व्यावसायिकांची नेहमीची अडचण आहे. ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु सेवा पुरवठादाराची देयके भारतीय ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत, अशी कायद्यात तरतूद आहे. परदेशी ग्राहकांच्या बाबतीत ही तरतूद सहसा उपयोगी पडत नाही.

भारतातील स्थिती

२०२५ पर्यंत भारताने डिजिटल नोमॅडसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला नव्हता. देशांतर्गत प्रवाशांमध्ये गोवा, हिमाचल प्रदेशातील धरमकोट व बीर, उत्तराखंडमधील ऋषिकेश आणि केरळमधील वर्कला ही ठिकाणे लोकप्रिय आहेत. सिक्कीममधील पाक्योंग जिल्ह्यातील याकतेन हे गाव जुलै २०२५ मध्ये देशातील पहिले डिजिटल नोमॅड गाव म्हणून जाहीर करण्यात आले.

गोव्यात हणजूण, आसगाव, शिवोली, मोरजी आणि मांद्रे या उत्तरेकडील गावांत, तसेच दक्षिणेकडे पाळोळे व आगोंद येथे दूरस्थ काम करणारे मोठ्या संख्येने राहतात. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळामुळे उत्तर गोव्यात येणे सोपे झाले. पावसाळ्यात खंडित होणारा वीजपुरवठा ही येथील व्यावसायिकांची प्रमुख तक्रार असते. तर वाढलेली भाडी, पाण्याची टंचाई आणि कचरा या स्थानिक रहिवाशांच्या तक्रारी असतात.

महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे ही शहरे डिजिटल नोमॅडांचे मुक्कामाचे ठिकाण असण्यापेक्षा त्यांचे मूळ गाव आणि ग्राहकांचे केंद्र म्हणून अधिक महत्त्वाची आहेत. कोकण किनारा आणि सह्याद्रीतील थंड हवेची ठिकाणे येथे घरगुती निवासव्यवस्था वाढली आहे. तथापि घाटातील व खाडीकाठच्या अनेक गावांत मोबाइल संपर्क अनिश्चित असल्याने दीर्घ मुक्कामाचे काम ठरावीक ठिकाणीच शक्य होते. धबधबे, कडे आणि गडकोट येथे चित्रफिती करताना अपघाती मृत्यू झाले आहेत. पुणे आणि रायगड जिल्ह्यांत प्रशासनाने पावसाळ्यात धोकादायक पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश लागू केले आहेत.

जीवनमान

दर काही आठवड्यांनी ठिकाण बदलल्याने मैत्री आणि शेजार टिकत नाही. एकटेपणा ही या जीवनपद्धतीतील वारंवार नोंदवली जाणारी समस्या आहे. आशयनिर्मात्यांच्या बाबतीत सुटी आणि काम यांतील सीमा पुसट होते, कारण विश्रांतीचा प्रत्येक क्षण चित्रीकरणाचा विषय होऊ शकतो. एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रिया सुरक्षिततेसाठी छायाचित्रे त्या ठिकाणाहून निघाल्यानंतरच प्रसिद्ध करण्याची दक्षता घेतात.

मुक्त व्यावसायिकांना भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची रजा किंवा प्रसूती रजा नोकरदारांप्रमाणे मिळत नाही. भारतातील सर्वसाधारण आरोग्य विम्यात परदेशातील उपचारांचा खर्च बहुधा अंतर्भूत नसतो. त्यासाठी स्वतंत्र प्रवास विमा घ्यावा लागतो. आईवडिलांच्या आजारपणासारख्या कौटुंबिक जबाबदाऱ्या आल्यावर अनेक जण काही वर्षांनी एका ठिकाणी स्थिरावतात किंवा वर्षातील मोजके महिनेच प्रवास करतात.

स्थानिक समाजावरील परिणाम आणि टीका

डिजिटल नोमॅड स्थानिक बाजारात परकीय उत्पन्न खर्च करतात आणि हंगामाबाहेरही निवासव्यवस्था चालू ठेवतात, हा त्यांच्या बाजूने मांडला जाणारा प्रमुख युक्तिवाद आहे. पोर्तुगालच्या मादेइरा बेटावरील पोंता दो सोल येथे फेब्रुवारी २०२१ मध्ये याच हेतूने डिजिटल नोमॅड गाव सुरू झाले.

याउलट, अधिक उत्पन्न असलेल्या देशांतील लोक कमी उत्पन्नाच्या शहरांत आल्याने भाडी वाढतात आणि मूळ रहिवासी विस्थापित होतात, अशी टीका होते. मेक्सिको सिटीतील रोमा आणि कोंदेसा या भागांत जुलै २०२५ मध्ये या प्रश्नावर निदर्शने झाली. बार्सिलोना महापालिकेने जून २०२४ मध्ये शहरातील पर्यटकांसाठीच्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचा निर्णय जाहीर केला. घरभाड्यातील वाढीला पर्यटन, अल्पमुदतीचे भाडेकरार, गुंतवणूक आणि घरबांधणीतील तूट ही कारणेही असल्याने केवळ डिजिटल नोमॅडांचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे.

समाजमाध्यमांवरील चित्रणावरही आक्षेप घेतले जातात. समुद्रकिनाऱ्यावर उघडलेला लॅपटॉप हे या जीवनपद्धतीचे रूढ प्रतीक बनले असले, तरी प्रखर उजेड, वाळू आणि अस्थिर जोडणी यांमुळे असे काम क्वचितच होते. काही आशयनिर्मात्यांचे मुख्य उत्पन्न प्रवासात केलेल्या व्यवसायातून नव्हे, तर ‘डिजिटल नोमॅड कसे व्हावे’ हे शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांतून येते. त्यामुळे या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसमोर खर्च, कर, व्हिसा आणि उत्पन्नातील चढउतार यांचे अपुरे चित्र उभे राहते.

हे सुद्धा पहा

• दूरस्थ काम
• को-वर्किंग स्पेस
• समाजमाध्यमे
• विमुक्त जाती व भटक्या जमाती
• गोव्यातील पर्यटन